टपालात पडलेली खेळी

नागपूर,
५ नोव्हेंबर २०२५

चि. छायास नाथादादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. वर श्री लिहिलेला पाहून आधी मला रागच आला. घरात असं घडलेलं असताना ही बाई श्री कसा लिहिते, असं वाटलं. मग तारीख पाहिली. दहा ऑक्टोबर. पाकिटावर नाशिकरोडचा शिक्का मात्र एकोणतीस ऑक्टोबरचा. बत्तीस वर्षं रेल्वे टपालात शिक्के वाचण्यात गेली, ते चुकायचे नाहीत.

पत्र तू शुक्रवारी लिहिलं आहेस आणि शनिवारी सकाळी तुझा समाधान गेला. पत्रात तो आहेच. आकाशकंदील आणलाय, पण वायर आखूड निघाली म्हणून चिडलाय. आरोही बापाला हसते आहे. शेवटी तू लिहिलं आहेस की तो आंघोळीला गेलाय आणि तिथूनच ओरडून सांगतोय, मामाला लिही, घोडा ई-पाच, आणि आता वजीर घेऊन पळ म्हणावं.

मी हे तीनदा वाचलं. तू जाणूनबुजून टाकलंस की हातून पडलं, ते मला कळत नाही. दशक्रियेला तिकडे होतो तेव्हा मी बुद्धिबळाच्या पटाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मामा-भाच्याचा नियम तुला ठाऊक आहे. समाधान नऊ वर्षांचा असल्यापासून तो आम्ही पाळला. पत्र पेटीत पडेपर्यंत ज्याची खेळी त्यानेही आपल्या पटावर मोहरा हलवायचा नाही, आणि एकदा पडलं की खेळी परत नाही. म्हणून मी इथल्या पटावर त्याचा काळा घोडा ई-पाचवर ठेवला. माझा वजीर खरोखरच त्याच्या तोंडात आला आहे. उत्तर द्यायचं तर कुणाला द्यायचं?

फोन करू नकोस, यंत्र लावूनही मला नीट ऐकू येत नाही. आरोहीच्या कोल्हापूरच्या स्पर्धेचं काय ठरवलंत ते लिही. सूनबाईला, साक्षीला, आणि पोरीला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
नाथादादा

---

नाशिकरोड,
१४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप नाथादादास छायाचा साष्टांग नमस्कार.

पत्र टाकल्याचं मला आठवत नाही. ते पर्समध्ये होतं. दवाखान्यात तीच पर्स होती. मृत्यूचा दाखला आणायला गेले तेव्हाही तीच. त्या रस्त्यावर लाल पेटी आहे. पाकीट हाताला लागलं असेल, टाकलं असेल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून दर शुक्रवारी घरी पत्र लिहून घ्यायच्या आणि लगेच उठून रांगेने पेटीत टाकायला लावायच्या. टाकलं नाही तर ते पत्र नव्हे, वहीतलं पान, असं त्या म्हणायच्या. पन्नास वर्षांनी हात आपला आपण तेच करतो.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. पर्समध्येच ठेवलं आहे. तो आंघोळीतून ओरडतोय, हे साक्षीला वाचायला द्यायची माझ्यात ताकद नाही. खेळीचं तू मनावर घेऊ नकोस. मला त्यातलं कळत नाही, आणि आता कळून काय करायचं?

आम्ही ठीक आहोत. म्हणजे जेवतो. दूध उतू जात नाही. दुपारी दोनला मी समाधानच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या पाळीचा डबा भरायला उठते, ओट्यापाशी उभी राहते आणि परत येऊन बसते. मला रडू आलेलं नाही, दादा. लोक येतात, मी चहा विचारते.

पट शिवणमशीनवर आहे तसाच आहे. परवा दिंडोरीहून वत्सलाबाई आल्या होत्या. थोरली जाऊ म्हणून त्यांनी हक्कानं फडकं घेतलं आणि मशीन पुसायला निघाल्या. आरोहीनं त्यांचं मनगट धरलं. रविवारी ती स्वतः एकेक मोहरा उचलते, खालची धूळ फुंकते आणि त्याच घरात परत ठेवते. पण खेळत नाही. डब्यातला दुसरा पट तिनं उघडलेला नाही. शाळेत जाते, गृहपाठ करते, विचारलं तेवढंच बोलते. ती अशीच राहिली तर काय, एवढी एकच भीती मला वाटते. बाकी काहीच वाटत नाही.

कोल्हापूरचा अर्ज समाधाननंच भरला होता. एसटीची चार तिकिटंही काढून ठेवली होती. वत्सलाबाई म्हणाल्या, वर्ष व्हायच्या आत पोरीला खेळायला न्यायचं म्हणजे लोक काय म्हनतील, काही लाज हाय का नाय? साक्षी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली की तो काही लोकांना विचारून गेला नाही, काकू. जाताना वत्सलाबाईंनीच पिशवीतून द्राक्षांच्या मनुका काढून दिल्या, पोरीला प्रवासात खायला.

आरोहीला विचारलं, जायचं का? तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सत्तावीसला निघतोय.

तब्येतीला जप. इकडची आठवण ठेव, एवढंच मागते.

तुझी,
छाया

---

कोल्हापूर,
२८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

पोचलो. गाडीत कंडक्टरनं यादी वाचली आणि विचारलं, चार जण आहेत, चौथे कुठायत? साक्षी म्हणाली, आले नाहीत. त्यानं विचारलं, मग तिथं कुणाला बसवू का? ती म्हणाली, बसवा. संगमनेरला एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन चढल्या आणि थेट पुण्यापर्यंत त्या जागेवर झोपल्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडत होतं. मी हलवलं नाही.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात आहे. आम्हा पालकांना ज्या खोलीत बसवलंय तिच्यावर 'वधूपक्ष' अशी पाटी आहे. आया डबे उघडतात आणि बाप मोबाइलवर आपल्या मुलांच्या चुका एकमेकांना दाखवतात. समाधान असता तर त्यानं इथं सगळ्यांशी मैत्री केली असती.

पहिल्या फेरीत आरोहीला काळे मोहरे होते. समोर इचलकरंजीची मुलगी. तिनं प्यादं सरकवलं, घड्याळ दाबलं. आरोही बसून राहिली. झोपली नव्हती, रडत नव्हती, पटाकडे बघत होती. समोरची मुलगी कंटाळून खेळ्या लिहायच्या कागदावर फुलं काढायला लागली. तासाभरानं आरोहीचं घड्याळ संपलं आणि पंचांनी ती हरल्याचं लिहून घेतलं. एकही खेळी नाही, दादा.

दुपारच्या फेरीत पांढरे मोहरे आले. तेव्हाही तेच. पंचांनी जवळ येऊन विचारलं, बाळा, बरं वाटत नाही का? म्हणाली, बरंय. साक्षीनं आधी समजावलं, मग आवाज चढवला.

आता जेवताना मी सहज विचारलं, तिथं बसून काय विचार करतेस गं? वरणभात कालवत म्हणाली की पपांची पाळी आहे. आम्हाला कळेना. मग तिनंच समजावून सांगितलं, आपण लहान असल्यासारखं. घरच्या पटावर मोहरे आहेत तसेच आहेत, म्हणजे पपांची खेळी अजून पेटीत पडलेली नाही. ती पडेपर्यंत डाव थांबलेला असतो. त्यांची खेळी व्हायच्या आधी ती कशी खेळणार?

माझा घास हातातच राहिला. पर्स मांडीवर होती. तुझं पत्र तिच्यात होतं. पुढे लिहवत नाही.

२९ नोव्हेंबर, दुपार

हेही पत्र कालपासून पर्समध्येच आहे. सिस्टर असत्या तर माझ्या हातावर पट्टी मारली असती.

आज सकाळी कार्यालयाच्या दारात, चपला काढतात तिथं, मी तुझं पाच तारखेचं पत्र आरोहीच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं दोनदा वाचलं. साक्षी तिच्या मागून वाचत होती. वजीर घेऊन पळ म्हणावं, या ओळीशी साक्षी हसली. सात आठवड्यांनी पहिल्यांदा. मग तोंडाला पदर लावून आवारातल्या नळापाशी गेली.

मी आरोहीला म्हणाले, चुकलं माझं, मी लपवून ठेवलं. तिनं ते ऐकलंच नाही. पत्रातली शिक्क्याची तारीख पुन्हा पाहिली, बोटं मोजली आणि विचारलं, महिना झाला की. नाथाआजोबांनी उत्तर का नाही पाठवलं? आठ दिवसांत पाठवायचं असतं ना? एवढा राग तिच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. पत्र फ्रॉकच्या खिशात कोंबून ती आत गेली.

तिसरी फेरी ती खेळली. एकतीस खेळ्या. हरली. सही केली, समोरच्या मुलाशी हात मिळवला, वधूपक्षाच्या खोलीत आली आणि एवढी मोठी घोडी माझ्या मांडीवर बसून रडायला लागली. हुंदके आवरेनात. शेजारच्या एका बाईंनी समजूत काढली की एका डावासाठी इतकं रडू नये, पुढच्या वर्षी जिंकशील. साक्षी त्यांना म्हणाली, रडू द्या तिला, ताई. आणि तिथंच आमच्या पायाशी फरशीवर बसली.

मला अजूनही रडू आलेलं नाही. पण भूक लागली. तिघींनी वत्सलाबाईंच्या मनुका संपवल्या.

समोरच पेटी आहे. हे पाकीट आता आरोहीच्या हातानं टाकते, म्हणजे नक्की पडेल. तू उत्तर पाठव. मला नको, तिला पाठव. तुझ्या मायेवरच आहोत.

तुझी,
छाया

---

नागपूर,
६ डिसेंबर २०२५

चि. आरोहीस नाथाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. बरोबर आहे. खेळी माझी होती आणि मी ती महिनाभर धरून ठेवली. आठ दिवसांचा नियम तुझ्या पपांनीच केला होता, कारण मी आळशी होतो. तेव्हा तो तिसरीत होता. मला पोस्टकार्डावर लिहिलं होतं की मामा, तुम्ही टपालात नोकरीला असून तुमचंच टपाल उशिरा कसं येतं?

समाधानच्या जागी पुढे तू खेळणार असशील तर मला आवडेल. नसशील तरी चालेल, तसं कळव.

माझी खेळी: वजीर डी-दोन.

आजीला म्हणावं, पर्स रिकामी करत जा. आईला आशीर्वाद. माझा विसर पडू देऊ नकोस.

तुझा,
नाथाआजोबा

---

नाशिकरोड,
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप नाथाआजोबांना आरोहीचा साष्टांग नमस्कार.

वर श्री लिहू का, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, अजून वर्ष व्हायचंय. म्हणून वर जागा सोडली आहे.

कोल्हापूरला मी बावन्नावी आले. एकूण सहा फेऱ्या होत्या. शेवटच्या तीन डावांपैकी एक जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एक हरले. इचलकरंजीची मुलगी नंतर माझ्याशी बोलली. मी झोपले आहे असं तिला वाटलं होतं.

तुमचं पत्र आल्यावर आधी मी पपांचा घोडा ई-पाचवर ठेवला. आई आणि आजी मशीनपाशी उभ्या होत्या. आजी आधी म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलं, आणि मग ती खूप रडली. आईनं गॅस बंद केला आणि आम्ही तिथंच बसलो. भात कच्चा राहिला, पण दही घालून खाल्ला.

मग मी तुमचा वजीर डी-दोनवर ठेवला आणि खूप वेळ बघितलं. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, आजोबांनी चूक केलीय. तुम्ही मुद्दाम केलीत का? आजी म्हणते, नाथादादा मुद्दाम कधी हरायचा नाही. लहानपणी पत्त्यातसुद्धा त्यानं मला एकदाही जिंकू दिलं नाही, असंही ती म्हणते. तरी मला शंका आहे. मुद्दाम केली असेल तर पुन्हा करू नका. मला राग येतो.

ही खेळी मागे घ्या असं मी आधी लिहिणार होते. पण टपालात पडलेली खेळी परत नसते.

मी आता स्वतः पेटीपर्यंत जाणार आहे. आजी बरोबर येणार आहे, पण पाकीट तिच्या पर्समध्ये देणार नाही. घरी आल्यावरच पटावर मोहरा हलवीन.

घोडा एफ-तीन. तुमच्या राजाला शह आहे आणि वजीरही त्याच घोड्याच्या टप्प्यात आहे. पपांनी सांगितलं होतं तेव्हाच नीट पळायला हवं होतं.

आठ दिवसांत उत्तर पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
आरोही समाधान