शेख अरूसींना सरकारी निमंत्रण

जा. क्र. ४१
ट्यूनिस, ३ ऑक्टोबर १९८६

प्रति, शेख अरूसी, तस्तूर.
स. न. वि. वि.
नगर संगीतगृहाच्या उद्घाटनप्रसंगी आपण आपली मालूफ नूबा, म्हणजे परंपरेने चालत आलेली गीतमाला, वीस मिनिटांत सादर करावी, ही विनंती. गायन ध्वनिमुद्रित करून जतन केले जाईल. सहभागाचे प्रमाणपत्र देण्यात येईल. कळावे.
शाद्लिया, संचालिका

तस्तूर, ९ ऑक्टोबर

मा. संचालिकाबाईंस तस्तूरच्या म्हाताऱ्याचा सलाम वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. त्यात माझी लेक काही सापडेना, शिक्का मात्र ठसठशीत होता. तुझ्या आईनं विचारलं, ही शाद्लिया आपलीच का.

बाई, सबंध नूबेला सव्वा तास लागतो. वीस मिनिटांत माझा घसाही मोकळा होत नाही. आणि गाणाऱ्याला दारी येऊन, कॉफी पिऊन, तीनदा विचारतात. दोनदा तो नाही म्हणतो. एवढंही ठाऊक नसेल तर मोठ्या खुर्चीचा उपयोग काय? प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाला द्या.

आईकडून तुला पापा.
आपला मुळीच आज्ञाधारक नसलेला, अरूसी

ट्यूनिस, १४ ऑक्टोबर

ती. बाबांच्या हाताला ओठ टेकून सलाम वि. वि.

चुकलं. त्या दिवशी साठ पत्रांवर सह्या केल्या, तुमचं एकेचाळिसावं होतं. नावसुद्धा वाचलं नाही. फार लाज वाटते. शुक्रवारी येते, दारात उभी राहून तीनदा विचारते.

चेष्टा बाजूला ठेवा, बाबा. वह्यांत नुसते शब्द आहेत. शिष्यांना तुकडे येतात. अख्खी नूबा तुमच्या एकट्याच्या गळ्यात उरली आहे आणि तुम्ही एक्याऐंशीचे. वीस वर्षं फायली उपसून हे घर उभं केलं ते याचसाठी. तुमच्याशिवाय उघडलं तर ती नुसती इमारत.

राग सोडा, माया असू द्या.
तुमची शाद्लिया

तस्तूर, १९ ऑक्टोबर

चि. शाद्लियास अ. आ.

तू तीनदा विचारलंस, मी तीनदा नाही म्हणालो. तू तोंड पाडून गेलीस तेव्हापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. म्हणून खरं सांगतो. चौथ्या गाण्यात एका जागी मला पुढची चाल आठवत नाही. वही उघडली तरी चाल येत नाही. भीती वाटते, पोरी. साठ वर्षं लोक मला शेख म्हणतात. राजधानीत सगळ्यांसमोर गप्प झालो तर?

कुणाला सांगू नकोस.
बाबा

ट्यूनिस, २३ ऑक्टोबर

ती. बाबा, सलाम वि. वि.

पत्र वाचून रडले. मग उठून सगळी भाषणं रद्द केली. वरच्या साहेबांनी खूप आदळआपट केली, करू देत. मंच काढला. दर्ग्यात बसता तसे गालिच्यावर बसा, लोक भोवती बसतील. तस्तूरकरांसाठी बस पाठवते. अडलात तर अडा. जेवढं येईल तेवढं ऐकू आणि जपून ठेवू.

वाट पाहते.
शाद्लिया

तस्तूर, ४ नोव्हेंबर

चि. शाद्लियास अनेकानेक आशीर्वाद.

उद्घाटनाचा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

चौथ्या गाण्यात नेमकं तिथेच अडलो. शिष्य माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून, दाराजवळून, एका बाईचा आवाज उठला आणि ती ओळ अचूक, हरकतीसकट पुढे गेली. शिष्यांनी ती उचलली. मग बसने आलेला आपल्या गावचा पनीरवाला सलाह, मग बायका, मग सगळी सभा. मी गायलोच नाही. अंगावर काटा आला, डोळे वाहत होते. साठ वर्षं ही नूबा माझ्या तोंडात आहे. पण ती एवढी मोठी आहे हे मला परवा कळलं. बाहेरून मी ती कधी ऐकलीच नव्हती!

मान वळवली, तर दारात तू होतीस, पाहुण्यांची यादी छातीशी धरून.

तुला मी एक ओळ कधी शिकवली नाही. पुरुषांना अंगणात पाठ द्यायचो, तेव्हा तू स्वयंपाकघरात मिरच्या कुटत असायचीस. भिंतीपलीकडे कुणी ऐकत असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. चूक माझी.

माझा पाठ अजून सोमवारीच असतो. येत जा. अंगणात, माझ्यासमोर बस. पहिल्या गाण्यापासून सुरू करू.

तुझा बाबा