सरावाची दुसरी खेप

आण्णा,

तुम्ही रानातून परताल तेव्हा मी लोहाऱ्याच्या एसटीत असेन. भाकरी टोपल्यात आहेत. कालवण तेवढे गरम करून घ्या.

काल आरोग्य केंद्राच्या सरावात मी साप चावलेल्या बाईचे सोंग घेतले आणि लोकांनी मला सवयीने थेट मारुतीच्या पारावर नेले. आईला साप चावला तेव्हा तिलाही आपण तिथेच नेले होते, आणि ती तिथेच गेली. मिटलेल्या डोळ्यांआड तो सारा दिवस पुन्हा उजाडला, म्हणून मी उठून बसले. लोक हसले. तुम्ही मात्र मान खाली घालून निघून गेलात.

पुढचे तुम्ही पाहिले नाही, म्हणून लिहिते आहे. सराव पुन्हा झाला. कुणीतरी पाराकडे वळताच शेजारच्या कडूबाई कडाडल्या, "देव कुठं पळून चाललाय व्हय? आधी दवाखाना!" मला घेऊन निघालेली जीप सरळ दवाखान्याच्या दारात थांबली. सारे गाव टाळ्या वाजवत होते आणि मी, बेशुद्ध रुग्ण, स्ट्रेचरवर हसत होते.

आज लोहाऱ्याच्या सरावात हेच मी शिकवणार आहे. आईच्या वेळी आपल्याला वाट सांगणारे कुणी नव्हते, आण्णा. शनिवारी ईट गावात सराव आहे. माझ्याबरोबर चला. रुग्णाला उचलताना पहिला हात तुमचा असू द्या.

मंजुषा