झोळीतला रुफिनो

तालिसायान, पनाय बेट
१२ एप्रिल १९८५

चि. एलिसेओ यास,
अ. उ. आ.

इकडे सगळे धडधाकट आहेत, हे आधी लिहून टाकते. बोटीवर उभ्याउभ्या पत्र वाचायची तुझी खोड आहे. हे मात्र बसून वाच.

शौर्यदिनाला आपल्या वडिलांचा, तातायचा मरणोत्तर सन्मान होणार, हे तुला कळवलं होतंच. त्यांची बायको म्हणून मानपत्र घ्यायला नानाय तयार नव्हती. म्हणाली, ते होते तेव्हा कुणी बसायला स्टूल दिलं नाही, आता मला कशाला मांडवात मिरवता. शिवाय तोफा उडणार अशी तिला धास्ती. शेवटी मीच तिचा निळा झगा इस्त्री केला आणि हाताला धरून नेली.

बँड झाला, नगराध्यक्षांचं न संपणारं भाषण झालं. मग सार्जंट देमेत्रियो काठी टेकत वर आले. ते महायुद्धातल्या तातायच्या गनिमी तुकडीतले, डोंगरापलीकडच्या गावचे. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मानपत्र हातात धरून ते नानायकडे बघत राहिले, आणि माइकवर म्हणाले, आन्सेल्मो माझा जिवाचा दोस्त, त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण आमची अख्खी छावणी हिवतापाने फणफणत पडली होती, तेव्हा जपान्यांच्या पहाऱ्यातून क्विनाईन आणलं ते या मिनिंगने. झोळीतल्या बाळाच्या दुपट्यात बांधून आणलं.

लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांनी हात वर करून थांबवल्या. म्हणाले, ती पोचली तेव्हा झोळीतलं मूल गेलेलं होतं. वाटेतच गेलं होतं. मेलेल्या लेकराला थोपटत, अंगाई म्हणत ती पूल ओलांडून आली होती.

एली, मला वाटलं, उन्हाने म्हाताऱ्याला भ्रम झाला. मी नानायकडे पाहिलं. ती मांडीवरची झग्याची चुणी हाताने सपाट करत बसली होती. नाही म्हणाली नाही.

ते बाळ म्हणजे आपला रुफिनो. आपल्याआधी एक भाऊ तापाने गेला, एवढंच ना आपल्याला ठाऊक? कबर कुठे म्हणून विचारलं की, लढाईत कसल्या रे कबरी, म्हणायची.

घरी आल्यापासून मी विषय काढला की भात करपेल म्हणून उठते. परवा प्रांताच्या कचेरीतून अधिकारी आले होते, तिला स्वतंत्र पदक द्यायचं म्हणतात. तिने त्यांना कॉफी दिली, सुकी मासळी तळून वाढली, उत्तर तेवढं दिलं नाही. आता तूच लिही तिला. शेंडेफळाचं ती ऐकते.

समुद्र कितीही मोठा असो, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
थोरली बहीण, मनांग बेर्ता


सिंगापूर बंदर
३ मे १९८५

ती. मनांग बेर्ता हिस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमच्या बोटीवरच्या आचाऱ्याने विचारलं, घरी कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, भाऊ गेला. कधी, म्हणाला. म्हटलं, माझ्या जन्माआधी.

सगळे म्हणतात, केवढ्या शूर बाईचा मुलगा तू! मलाही तसंच वाटायला हवं ना? पण मला राग आलाय मनांग, आणि तो कुणावर हेच कळत नाही. रुफिनोला ताप होता. तापाचं औषध त्याच्याच अंगाला बांधलेलं होतं. मग त्याला का नाही दिलं? सैनिकांसाठी राखून ठेवलं? तसं असेल तर ते पदक आपल्या घरात नको. माझ्या पोरीला नुसती कणकण आली तरी मी अर्धं गाव डोक्यावर घेतो. आणि ही...

हे नानायला विचारू नकोस. नाही, विचार. छे, नकोच. हे पत्र फाडून टाक.

माझा नमस्कार म्हणून नानायचा हात कपाळाला लाव. रागात असलो तरी तुमचाच आहे, आपलं म्हणत राहा.

तुझा,
एली


तालिसायान
२८ मे १९८५

चि. एलिसेओ यास,
नानायचे अनेक आशीर्वाद.

बेर्ताने तुझं पत्र माझ्यापासून लपवलं होतं, तेही तांदळाच्या पिंपात. या घरात भात कोण रांधतं, हे ती विसरली. तिला मी रागावले नाही. तूही रागावू नकोस.

इतके लोक येऊन गेले, हार घालून गेले. विचारायचं ते तू एकट्याने विचारलंस. दिलं होतं, बाळा. गोळ्या हातात पडल्या तशी पहिली त्यालाच दिली, दगडावर कुटून, उसाच्या रसात कालवून. त्याने ओकली. पुन्हा दिली, पुन्हा ओकली. फार उशीर झाला होता. पुलाच्या अलीकडे, बांबूच्या बेटात, तो गेला.

मी मागे फिरणार होते. पण मागे जाऊन काय, पुरायचंच ना? पुढे गेले तर तुझा बाप त्याचं तोंड तरी पाहील, एवढंच डोक्यात होतं. देश, सैनिक, काही काही आठवलं नाही. म्हणून लोक मला शूर म्हणतात तेव्हा कुठे बघावं ते कळत नाही.

पुलावरचा पहारेकरी पोरसवदा होता. त्याने झोळीवरचं फडकं उचललं. मी अंगाई म्हणतच होते. थांबले असते तर किंचाळलेच असते. त्याने बाळाच्या गालाला बोट लावलं. एली, त्याला कळलं. गार पडलेला गाल कुणाला कळत नाही? त्याने माझ्याकडे पाहिलं. संपलं, असं मी धरून चालले. त्याने फडकं पुन्हा तोंडावर नीट ओढलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पलीकडच्याला ओरडून काहीतरी सांगितलं. माझी झडती कुणी घेतली नाही. तो बाळाच्या पायाशी चाचपता, तर मी आज तुला लिहीत नसते.

हे मी तुझ्या बापालाही कधी बोलले नाही. जपान्याने टोपी काढली, हे त्या दिवसांत कुणाला सांगायचं? गावात ज्यांची माणसं मारली होती त्यांना?

अधिकारी पुन्हा येऊन गेले. मी म्हटलं, पदक घेईन, पण माझ्याआधी रुफिनोचं नाव वाचा. म्हणाले, तान्ह्या मुलाचं नाव वाचायचा नियम नाही. देमेत्रियो ओसरीवर बसला होता. म्हणाला, मग आम्हा म्हाताऱ्यांपैकी कुणीच येत नाही, घाला हार रिकाम्या खुर्च्यांना. काल निरोप आला, वाचतील म्हणून.

तू पदकासाठी येऊ नकोस. सुट्टी मिळेल तेव्हा ये. स्वतः तापाने थरथरत असताना देमेत्रियोनेच छावणीमागे रुफिनोसाठी खड्डा खणला होता. तो अजून दर वर्षी तिथलं तण काढून येतो, हे मला आत्ता कळलं. मी त्या डोंगरावर परत गेले नाही. धीरच झाला नाही. आता धीर झालाय तर गुडघे ऐकत नाहीत. तू मला पाठीवर घेऊन चढ.

थोरला भाऊ आहे तुझा. तुमची अजून गाठ पडलेली नाही.

वाट पाहते. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझी,
नानाय