खारट बाटलीतल्या माश्या आणि काकांची झडप

तीर्थस्वरूप काकांना,

कंबर धरल्यामुळे साष्टांग घालता येत नाही, तेव्हा उभ्या उभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. इकडे सगळं ठीक. तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण डॉक्टरांचा कागद मी वाचला आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायला हवी आणि लवकर बदलायला हवी. त्यावर तुम्ही फोनवर जे ऐकवलंत तेही लक्षात आहे. "जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही. मरण आहे म्हणून जीवसृष्टी पुढे सरकली, नाहीतर आपण सगळे अजून डबक्यात पोहत असतो. विचार तुझ्या मॅडमना." एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात, आणि काकू (तिनेच मला नंतर सांगितलं) स्वयंपाकघरात जाऊन रडली.

म्हणून मॅडमना विचारलं. पण ज्या परिस्थितीत विचारलं ती आधी सांगणं भाग आहे, कारण तीत माझी अब्रू गेली आहे. तुम्ही चारचौघांत सांगता की पुतण्या संशोधन करतो. पुतण्या मॅडमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो आणि माश्यांना जेवायला घालतो. (पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या फळमाश्या. घरातल्या माशीपेक्षा पुष्कळ लहान आणि वागायला पुष्कळ सभ्य.) मॅडमचा प्रयोग असा, की माश्यांना खारट अन्न द्यायचं. ज्यांना सोसेल त्या जगतील, अंडी घालतील, बाकीच्या मरतील. असं पिढ्यान् पिढ्या केलं की शेवटी मीठ पचवणारी जात तयार व्हायला हवी. माझं काम फक्त पाहण्याचं आणि वहीत लिहिण्याचं. आता तुम्ही मला लहानाचा मोठा केलात, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. उताणी पडून पाय झाडणारी माशी मला बघवेना. मी काय करायचो, पडलेल्या माश्या बारीक कुंचल्याने उचलून साध्या अन्नाच्या बाटलीत ठेवायचो. तासाभरात त्यांच्या जिवात जीव यायचा. मग मेलेल्यांचा आकडा वहीत अंदाजाने लिहून मी त्यांना परत खारट बाटलीत, आपल्या माणसांत सोडायचो. मला वाटायचं, पुण्यच करतोय.

सतरा पिढ्या मी हे पुण्य केलं. शेजारच्या टेबलावर हाच प्रयोग दुसऱ्या बाई करतात (आम्ही त्यांना घड्याळ म्हणतो, त्या कधीच चुकत नाहीत). त्यांच्या माश्या तोवर मिठात लग्नघरासारख्या नाचू लागल्या होत्या. आमच्या मात्र आधीपेक्षा लवकर पडायला लागल्या. मॅडमनी मीठ बदललं, बाटल्या बदलल्या, पाण्याचा दोष काढून झाला. शेवटी परवा त्या स्वतः स्टूल ओढून बाटलीसमोर बसल्या. माश्यांनी खारट अन्नाला जेमतेम तोंड लावलं आणि धडाधड उताण्या पडल्या. मेली कुणीच नव्हती. नुसत्या पडून वाट बघत होत्या. आणि माझा हात, काका, सवयीने कुंचल्याकडे गेला.

सगळं कबूल करावं लागलं, पुढचं फार सांगत नाही. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, उत्क्रांती झाली, फक्त भलत्याच दिशेने. जी लवकर आडवी पडेल तिला तुम्ही साधं अन्न दिलंत, तिचीच अंडी जास्त. मिठाने निवड करायची होती, ती तुमच्या दयेने केली. सतरा पिढ्यांत तुम्ही सोंगाड्या माश्यांची जात घडवलीत. आता पहिल्या पिढीपासून पुन्हा सुरुवात, आणि कुंचला त्यांच्या कपाटात.

हसू ओसरल्यावर मी तुमचं म्हणणं त्यांच्यापुढे मांडलं. (अब्रू गेलेली असली की माणूस काहीही विचारू शकतो.) त्या म्हणाल्या, काकांचं अर्धं खरं आहे. मरणामुळे निवड होते, पण कुणाच्या? पोरंबाळं व्हायच्या आधी जो जातो त्याच्या. त्याच्याबरोबर त्याचा वाणही जातो, म्हणून पुढची पिढी बदलते. काकांचं वय काय? मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. मूलबाळ नाही, मला मात्र वाढवलं. तेव्हा त्या चष्मा पुसत म्हणाल्या, मग वाण पुढे जायचा प्रश्न कधीच मिटला. त्यांना सांगा, तुमच्या जाण्याने उत्क्रांती तसूभरही पुढे सरकणार नाही. तिने तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

तर काका, हा असा निकाल आहे. जीवसृष्टीला तुमच्या त्यागाची गरज नाही. तिचं नाव पुढे करू नका. भीती वाटते म्हणा, मी समजू शकतो. मलाही वाटते, तुमच्यापेक्षा जास्त. आईवडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला फारसं कळलं नाही. आता मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि सगळं कळतं. जुनं गेल्यावर जे नवं यायचं ते येईल, पण माझ्याकडे दुसरा काका येणार नाही.

काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो धडधाकट राहावा.

तुमचा,
बाटल्या धुणारा पुतण्या

ता. क. : मॅडमनी मला पंधरा दिवसांची रजा दिली आहे. माश्यांच्या भल्यासाठी, असं कारण अर्जावर त्यांनीच लिहिलं.

दुसरा ता. क. : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे पाकिटावर तिकीट नसल्यामुळे तुमच्या ध्यानात आलंच असेल. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे हाती आलेला मजकूर अर्धा टाकून तुम्ही उठत नाही. म्हणून माश्यांचं एवढं लांबण लावलं. तेवढ्या वेळात काकूने तुमची बॅग भरली आहे. मी बाहेरच्या खोलीत बसलो आहे, गाडी दारात आहे, दवाखान्यात अकराची वेळ दिली आहे. चपला घाला.