ओळखीपुरता ठिपका

माय, आज केनवडला आलेय. दादा बाजाराच्या तयारीत आहे, वहिनी मेथीच्या जुड्या बांधतेय आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाय पसरून बसलेय. दुसरं काही करायचं त्राणच नाही. इतकी वर्षं कॅन्सरच्या माणसांना किरणांचे उपचार दिले, नव्या उपचारांच्या चाचण्या केल्या, आणि आता नुसती थकलेय. चाचणीचा निकाल लागायला वर्षं जातात. लागतो तेव्हा नवा उपचार पुष्कळदा जुन्याइतकाच निघतो, आणि ज्या बायांच्या अंगावर आम्ही तो शिकलो, त्यातल्या काही तोवर उरलेल्या नसतात. लोकांना वाटतं, आईला कॅन्सर झाला म्हणून मी या वाटेला गेले. तू तर साध्या तापानं गेलीस. मी कुणाची समजूत दुरुस्त करत बसत नाही.

बाजारात गोंदणारीण बसायची, आठवतं? तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. भाकरी थापताना गोंदण पिठाखाली जायचं आणि हात धुतले की पुन्हा दिसायचं. तू मला ओढत तिच्यापुढं बसवलंस आणि मी हात हिसकून पळाले, ती थेट इथं येऊन लपले. मागोमाग तू आलीस. "सोनंनाणं अठीच राह्यते. गोंदन तेवढं संग येते. वर गेल्यावर मी तुले वळखू कशी?" मी म्हणाले, नको वळखू. त्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस. भाकर मात्र रोजच्यासारखीच वाढलीस.

गेल्या आठवड्यात शहरातल्या आमच्या दवाखान्यात किन्हीराजाची एक बाई आली. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्याच वयाची. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आता किरणं द्यायची होती. चाचणीत यायलाही ती तयार झाली. जुनी पद्धत की थोड्या दिवसांची नवी, हे संगणक ठरवणार, तेही तिनं "मंजे देवच ठरवते म्हना" म्हणून मान्य केलं. अडली ती ठिपक्यांपाशी. किरण रोज नेमके त्याच जागी पडावेत म्हणून आम्ही अंगावर सुईनं शाईचे बारीक ठिपके टोचतो. पेनाच्या खुणा घामानं पुसतात, हे पुसत नाहीत. एवढं ऐकलं आणि बाई टेबलावरून खाली उतरली.

"मंग ते संग येईन. ह्या रोगाची निशानी मी देवाघरी कायले नेऊ?"

मुलगा हातापाया पडला. "माय, आयक नं." मी समजावलं, रागावले, उपचार सोडले तर रोग उलटू शकतो हे स्पष्ट सांगितलं. ती पदर सारखा करून दाराशी गेली. तिथून तिनं माझे हात बघितले. "तुया हातावर तं येक ठिपका नाही. आन मले सांगून राह्यली."

खरं सांगते, मी वैतागले होते. भूक लागली होती, बाहेर बाया खोळंबल्या होत्या. मी मशीनवरच्या मुलीला नवी सुई आणायला सांगितली, घड्याळ काढलं आणि मनगट पुढं केलं. ती बिचारी बघतच राहिली. टोचून झाल्यावर मी बाईला विचारलं, "आता मले बी रोग लागला काय?"

बाईला हसू आलं. "दुखलं काय वं?"

"दुखलं."

"दुखतेच," म्हणाली, आणि स्वतःहून टेबलावर जाऊन आडवी झाली. तिची किरणं सुरू झालीत. रोज येते.

तेव्हापासून दवाखान्यात माझं कौतुक चाललंय, की मॅडमनी पेशंटसाठी स्वतःला टोचून घेतलं. मीही मान डोलावते. देवाघर वगैरे मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण सुई टेकली तेव्हा ती बाई माझ्या मनातसुद्धा नव्हती.

वहिनी जेवायला हाक मारतेय. हा कागद धाडायचा कुठं, पर्समध्येच राहील. ठिपका डाव्या मनगटावर आहे, माय, घड्याळाच्या पट्ट्याखाली. फार बारीक आहे, नीट बघशील.