मुलाखतीची जाळी

प्रिय आई,

हे पत्र आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नीतावहिनींबरोबर पाठवतो आहे. त्या शनिवारी दोह्याहून नाशिकला निघतायत, सोमवारी घरी आणून देतील, म्हणजे बुधवारच्या सबजेलच्या जनसुनावणीआधी तुझ्या हातात पडेल. दर शुक्रवारी फोनवर तोंड दिसत असताना याला आत्ताच पत्राचं काय खूळ, असं तू म्हणणारच. म्हण.

तुझी क्लिप बघितली. गावातल्या मिहीरने पाठवली. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या तीन पायऱ्या चढत नाहीस, आणि सबजेलच्या फाटकासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी! आर्या स्कूलबसमधून उतरली ती दप्तरासकट क्लिप बघत बसली. "बाबा, आजी इज सो कूल," म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मला तुझा फार अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती. लाज कसली, ते पुढे लिहितो.

सबजेल कंपनीला चालवायला द्यायचं, जाळीसमोरच्या मुलाखती बंद करायच्या आणि नातेवाइकांनी बाहेरच्या खोलीत बसून पडद्यावर कैद्याशी बोलायचं, हे गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांना झकास वाटलं होतं. तुलाच तेवढं खटकलं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होतीस, आणि रिटायर झाल्यावर आराम करायचा तर मंगळवारी-शुक्रवारी जेलसमोरच्या ओट्यावर बसून बायकांचे मुलाखतीचे अर्ज भरून देऊ लागलीस. त्याच बायकांना तू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी बोलावलंस. सवाष्ण-विधवा पाहिलं नाहीस, जात पाहिली नाहीस. वाण काय, तर प्रत्येकीला एक बॉलपेन! जिला लिहिता येत नाही तिलाही दिलंस, आणि रथसप्तमीपर्यंत सही करायला शिकवलंस. आंदोलन असं उभं राहतं हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

क्लिपमध्ये तू हजराबींचं सांगितलंस. त्यांचा मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जाळीशी आला, सगळं ठीक आहे म्हणाला. निघताना त्यांनी जाळीतून त्याच्या बोटाला बोट लावलं, तर चटका बसावा इतकं गरम. त्या रडत ओट्यावर आल्या आणि तू डॉक्टर येईपर्यंत फाटकातून हलली नाहीस. बाहीखालची जखम कोपरापर्यंत चिघळली होती. हात वाचला. "हा ताप पडद्यावर दिसला असता का, सांगा!" असं तू विचारलंस, तेव्हा मागे उभा असलेला शिपाईसुद्धा मान हलवत होता.

आई, आता लाजेचं. आमचं ऑफिस कंपन्यांना टेंडरचे कागद तयार करून देतं, हे तुला माहीत आहे. मागच्या वर्षी जी फाइल आली, तिच्यावर आपल्या तालुक्याचं नाव होतं. मुलाखतींचं प्रकरण मी लिहिलं. "पडद्यावरील भेटीमुळे प्रत्यक्ष भेटीची गरज उरत नाही" हे वाक्य माझं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पाच वर्षं मी तुला असाच भेटतोय, आपलं काय अडलंय, असं मला खरंच वाटत होतं. बुधवारी तुमच्यासमोर कंपनीची बाजू मीच मांडायची, असं ठरलं होतं. "यल्ला, चल देवव्रत, तुझंच गाव आहे, तूच बोल," असं आमचे साहेब गिरीशसर म्हणाले. काल मी त्यांना नाही म्हणालो. ते म्हणाले, "खलास, मग तुझ्या नोकरीच्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं विसर." पूर्णिमाने आर्याच्या शाळेचा दाखला काढायची चौकशी सुरू केली आहे. चिडली आहे, पण माझ्यावर नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. दिवाळीनंतर ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडून माझा डावा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते सहाही शुक्रवार आपण बोललो. तोंड का उतरलंय, असं तू विचारायचीस, आणि मी कामाचा ताण सांगायचो. मी फोन छातीच्या वर धरायचो, म्हणून उभा जन्म दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या माझ्या आईला पोटच्या पोराचा मोडलेला पाय दिसला नाही. माझ्या त्या वाक्याला याहून मोठं उत्तर मला सापडत नाही. फोनवर हे सांगितलं असतं तर तू नुसती रडली असतीस आणि सुनावणीत ते धरलंही गेलं नसतं. म्हणून कागदावर लिहिलं, खाली पूर्ण नावाने सही केली. माझ्यावर रागाव, हवं तेवढं रागाव, पण गुरुवारपासून. बुधवारी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, आणि वाचताना माझं नाव गाळू नकोस.

तुझाच,
देवव्रत अरुणकुमार खैरनार
ओल्ड एअरपोर्ट, दोहा