मुलीला न विचारल्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्याचा, म्हणजे वाइंडिंगचा, आज हे लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे, डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तरी मी जुमानले नसते. माझ्या आधीच्या मृत्युपत्रात मुलीचा उल्लेख नव्हता. ते मी रद्द करते.

कलम १. वाइंडिंगचे यंत्र, पक्कडी, तांब्याची तार असे दुकानातले सर्व सामान माझ्या सुनेला मिळावे. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. सव्विसाव्या वर्षी माझ्या शेजारी बसून बघून शिकली आणि आज तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. पंपवाले काका पंचवीस वर्षे मलाच विचारत आले, "मिस्त्री कुठे आहेत?" त्यांनी सुनेलाही तेच विचारले, तर पंप जळका तसाच परत द्यावा.

कलम २. स्वयंपाकघरातली भांडी मुलाला, ती घासण्याच्या जबाबदारीसह. आठव्या वर्षापासून मी त्याला भांडी घासायला लावली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो सगळे विसरला. सून विचारते, "आई, तुम्ही यांना काही शिकवलंच नाही का?" शिकवले होते ग बाई. पालथ्या घड्यावर पाणी.

कलम ३. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. आज दुकान आहे ती रस्त्याकडची खोली मुलीच्या वाट्याला यावी आणि वाइंडिंगचे काम मागच्या खोलीत न्यावे. तिने तिथे आरसे लावावेत किंवा कुलूप लावावे. माझी अट नाही. अटी घालून झाल्या.

हे गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी त्यांच्या दुकानात बसले, तर लोक हसले. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मुलं जे बघतात तेच शिकतात. तिला घरात फक्त चूल दिसली, तर ती चुलीशीच जाईल." मला ते इतके पटले की बाहुली, रिबिनी, आरसा काहीच मी घरात येऊ दिले नाही. पोरीने तारांवर चढवायच्या रंगीत नळ्यांचे तुकडे ओवून गळ्यात हार घातला. मी तो गिऱ्हाइकांसमोर ओढून तोडला. ती रडली नाही, खाली बसून तुकडे वेचू लागली.

एकोणिसाव्या वर्षी म्हणाली, केस कापायचे, सजवायचे काम शिकायचे आहे. मी म्हटले, "म्हणजे माझं उभं आयुष्य पाण्यात?" ती म्हणाली, "आई, लोक तुला म्हणाले, चूलच बघ. तू मला म्हणालीस, मोटारच बघ. मला काय आवडतं, हे कोणी विचारलं का?" मी खाली मान घालून तार गुंडाळत राहिले. ती घर सोडून गेली, त्याला अकरा वर्षे झाली.

शिक्षिकाबाई आता म्हणतात, "माझं सांगणं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं." असेल. त्यांचा दोष नाही. त्यांनी सांगितले ते सगळ्या मुलांबद्दल होते, माझ्या घरात एकच मुलगी होती.

कलम ४. हे मुलीने एकटीने वाचावे. मागच्या वर्षी मी तुझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे तासभर उभी होते. तू एका म्हाताऱ्या बाईचे केस विंचरत होतीस. गुंता आला की मुळाशी बोटे धरायचीस, तिला दुखू नये म्हणून. तुझे केस मी कायम घाईत, ओढून बांधले. ही माया तू कुठे बघितलीस? माझ्याकडे तर नाही. मला त्या खुर्चीत बसायचे होते ग. पंचवीस वर्षांत माझ्या डोक्यावरून कोणी हात फिरवलेला नाही. रस्ता ओलांडायला पाय उचलला आणि परत फिरले. तुझी फार आठवण येते. चुकले माझे.

कलम ५. हे मृत्युपत्र बदलण्याचा वा रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवते. माझ्या हयातीत मुलगी दारात आली, तर ते त्याच क्षणी रद्द समजावे. मग द्यायचे ते मी हाताने देईन आणि आधी तिला विचारीन, तुला काय हवे.

सही: (मोटार वाइंडिंगवाल्या बाई)

वरील मजकूर बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. चौथे कलम त्यांनी मनातल्या मनात वाचले.

साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त शिक्षिका
साक्षीदार २: समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर

स्थळ: दुकान, रस्त्याकडची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा, दार उघडे